दमायचं कशानं

करंजवाडी, डिंभ्याच्या वर
५ मे २०२४

ताहेरा,

भागूचा नमस्कार. बरी असशील. तुझ्या भावाला, नवाबभाऊंना, आन त्यांच्या महेकला आठवन सांग.

आमचं हिरड्याचं काम कालच आटपलं. बोटं अजून काळी हाइत, कागदाला डाग लागले तर चालवून घे. फोन करायचा तर धरनाच्या भिंतीपर्यंत उतरावं लागतं, आन तिथं उन्हात उभं राहून हे बोलनं व्हायचं न्हाई. म्हनून लिहिते. पत्र दादाभाऊ कंडक्टरकडं देते, तो घोडेगावला पेटीत टाकील.

आमची धाकटी आरती आता नववीला जाईल. तिला खेळायला मीच शिकवलं. सोपानचं मासे धरायचं फाटकं जाळं दोन बांबूंना बांधलं, आन शाळेच्या पटांगनात बॅडमिंटनचं फूल उडवायला लागलो. वारा असला की फूल करवंदीच्या जाळीत जातं. मागं कळंबला तालुक्यांच्या स्पर्धा झाल्या, तिथं ती मोठ्या पोरींना हरवून आली. पुण्याच्या एका अकादमीचे सर तिथं आलेले. ते म्हनतात, जूनपासून आमच्याकडं ठेवा. ऱ्हानं, खानं, शाळा समदं त्यांचं. पन चार-पाच वर्षं तरी पोर सनासुदीपुरती घरी यायची.

सोपान म्हनतो, "तू खेळलेली, तूच ठरव." मी खेळले खरी, पन कितीक? आपली जोडी झाली, इंदूरला जिंकलो, आन मी घरी आले. पुढची वाट मला ठाऊक न्हाई. तू शेवटपर्यंत गेलीस. तर तू सांग. पोरीला पाठवू का नको?

तुझी
भागू


जुन्नर
१३ मे २०२४

प्रिय भागू,

पत्र मिळालं. आरतीची निवड झाल्याचं वाचून अत्यंत आनंद झाला. आपल्या भागातल्या मुलींना अशी संधी सहसा मिळत नाही. खेळाने शिस्त येते, आत्मविश्वास येतो, चार गावं बघायला मिळतात. जरूर पाठव. मेहनत केली तर ती नक्कीच पुढे जाईल. माझ्या शुभेच्छा कळव.

इथे लग्नसराई जोरात आहे. ज्या मंगल कार्यालयात मी मुलांना शिकवते तिथे रोज वऱ्हाड उतरतंय, त्यामुळे क्लास बंद. माझी तब्येत ठीक आहे. जरा घाईत असल्यामुळे हे पत्र महेकच्या हातून लिहून घेतलं आहे.

सोपानरावांना सलाम.

तुझी
ताहेरा


करंजवाडी
२० मे २०२४

ताहेरा,

तुझं पत्र वाचलं. आरतीनं वाचलं, सोपाननं वाचलं, समद्यांना आवडलं. मला न्हाई आवडलं.

हे तू लिहिलं न्हाईस. म्हंजे अक्षर महेकचं हाय ते सोडच, पन आतलं बी तुझं न्हाई. मागं घोडेगावला बक्षीस वाटायला आली व्हतीस, तवा माईकवर अशीच बोलली व्हतीस. शिस्त, आत्मविश्वास. मी मागं उभी राहून ऐकलं व्हतं. गर्दी व्हती, भेटले न्हाई. आता मला पत्र लिहायला बी तुला मानूस लागतं का? इतकी मोठी झालीस?

मी बाराव्या वर्षी तुमच्या घरी आले. आश्रमशाळेच्या खेळात माझा चेंडू लांब गेला म्हनून बहिरू सरांनी मला हेरलं, आन जुन्नरला ठेवायचं कुठं म्हनून पंचाईत पडली. तुझे अब्बा दुकानात पत्र्याची पेटी ठोकत व्हते. हातोडी न थांबवता म्हनले, "एक पोरगी खेळतेच आहे, दुसरी येऊ द्या." अम्मी माझ्यासाठी वेगळं नाचनीचं पीठ ठेवायची, का तर पोरीला गव्हाची पोळी गोड लागत न्हाई. एका पांघरुनात झोपलो आपन. सकाळी अंधारात उठून हॉलला जायचो. तू जाळीपाशी, मी मागं. अकरा वर्षं.

मंग माझे वडील गेले, आय अंथरुनाला खिळली, पाठीवर तीन भावंडं. मी आले. त्याचं काय न्हाई. तुला कधी इचारलं बी न्हाई का पुढं काय झालं. पेपरात नाव यायचं, कातरून ठेवायचे.

आता इचारते. हार घातल्यावर बोलतात तसलं नको. पोर माझ्या पोटची हाय. खरं सांग.

भागू


जुन्नर
२ जून २०२४

भागू,

अक्षर माझंच आहे, ओळी खाली उतरतील. उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवावा लागतो, मग बोटं चालतात. खांदा गेला आहे. म्हणून मागचं पत्र महेककडून लिहून घेतलं. घाई वगैरे काही नव्हती. मोठी झाले असंही नाही. हात खांद्याच्या वर जात नाही, केस महेक विंचरते, एवढंच आहे. तुला कळू नये असं वाटत होतं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

विचारलंस, तर ऐक.

तू गेलीस आणि संघटनेने मला सोलापूरची यास्मिन दिली. चांगली मुलगी. स्मॅश तुझ्यापेक्षा जोरात. तिच्याबरोबर मी चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. पण कोर्टाबाहेर आम्हाला एकमेकींशी बोलायला काही नसायचं. रेल्वेत ती खिडकीकडे तोंड करून बसायची, मी वरच्या बर्थवर झोपायचे. भांडण नव्हतं. भांडलो असतो तर बरं झालं असतं. आता ती दुबईला असते, ईदला मेसेज करते.

बाहेरच्या देशात तीनदा गेलो. तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात हरलो. समोरच्या मुली लहानपणापासून जोडीनेच वाढलेल्या, आणि आम्ही दोन सुट्या बायका. परत येताना विमानात दिलेलं जेवण मी पिशवीत भरून आणायचे, अम्मीला दाखवायला.

पेपरात एकेरी जिंकणारीचा फोटो यायचा. दुहेरीचा निकाल खाली, बारीक अक्षरात. रेल्वेत नोकरी मिळाली, पुण्याला तिकीट खिडकीवर. एकदा एक माणूस तिकीट घेता घेता थांबला, म्हणाला, "तुम्ही त्या ना, ताहेरा-भागूमधल्या?" तू जाऊन पाच वर्षं झाली होती. मी हो म्हटलं. यास्मिनचं नाव सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मुआज तुला आठवत असेल, लग्नात तू आली होतीस. भला माणूस. शिक्षक. मी वर्षातले आठ महिने बाहेर. एक दिवस पोहे खाता खाता म्हणाला, "ताहेरा, एकट्यानेच राहायचं तर लग्न कशाला?" आवाजसुद्धा चढवला नाही. पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती, मी गेले. आल्यावर कागद तयार होते. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं असं सगळे म्हणाले.

अम्मी गेली तेव्हा मी गुवाहाटीला होते. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. नवाबने मला सामना संपल्यावर कळवलं, कारण अम्मीनेच जाण्याआधी त्याला बजावलं होतं, "ती खेळतेय, तिला सांगू नका." मी जिंकले. हातात फुलांचा गुच्छ घेऊन फोनवर ऐकलं. तो गुच्छ कुठे ठेवू ते कळेना, म्हणून तसाच धरून बसले होते.

शेवटच्या हंगामात प्रत्येक फेरीआधी खांद्यात इंजेक्शन घ्यायचे. डॉक्टर म्हणाले होते, हे पुढे महाग पडेल. मला वाटलं, पुढे म्हणजे म्हातारपणी. पंचेचाळिशीतच पडलं. मग नोकरी सोडली, जुन्नरला आले. नवाबने वरची खोली दिली. कार्यालयात जमिनीला पट्ट्या चिकटवून मुलांना शिकवते. मुलं येतात, दहावी झाली की जातात. लोक शाल देतात, नारळ देतात, मी माईकवर शिस्त म्हणते, आत्मविश्वास म्हणते. तू ऐकलंस, मला लाज वाटली.

भागू, मी थकले आहे. झोपून उठते तीच थकून उठते.

आणि चांगलं काय होतं, तेही लिहायला हवं. इंदूरचा शेवटचा गेम. हॉलमध्ये इतका आरडाओरडा की आपला आपल्याला आवाज येत नव्हता. तू मागे होतीस. मी एकदाही वळून बघितलं नाही. फूल डोक्यावरून गेलं की गेलं, ते तुझं. तसं नंतर पुन्हा कधी झालं नाही. कोर्टवर नाही, घरात नाही. पण एकदा झालं, हे खरं आहे.

आता तूच काय ते बघ.

ताहेरा


करंजवाडी
१३ जून २०२४

ताहेरा,

तुझं पत्र मी बांधावर बसून वाचलं, घरात न्हाई वाचलं. बरं झालं खरं लिहिलंस.

पोरीला पाठवत न्हाई. परवा घोडेगावला बाजाराला गेले तवा तिथनंच अकादमीच्या सरांना फोन लावून सांगून टाकलं, आमचं जमत न्हाई. ते जरा रागावले. रागावू दे.

आरती बोलत न्हाई माझ्याशी. ताट वाढलं की खाती, भांडं घासती, गप. जाळं काढून टाकलं तिनं पटांगनातलं, सोपानला दिलं नीट घडी घालून. होईल हळूहळू. पोरीची जात, विसरंल. मी न्हाई का विसरले.

तुझ्या हाताचं वाचून मला कसंतरी झालं. तू इकडं ये. इथं कुनी शाल घालनार न्हाई तुला. हवा चांगली हाय, तांदूळ घरचा हाय. केस मी विंचरीन. लहानपनी तू माझ्या उवा काढायचीस.

रोपं टाकलीत. पानी झालं की भात लावायचा, आवनी सुरू.

भागू


जुन्नर
२१ जून २०२४

भागू,

हे काय केलंस? मी नको कुठे म्हटलं होतं?

असं लिहिलं आणि थांबले. माझं पत्र मी मनात पुन्हा आठवून बघितलं. नको असं लिहिलं नव्हतं, पण तू दुसरं काय समजणार होतीस? मी माझा थकवा तुला सांगत होते. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, तू विचारलंस, आणि सगळं बाहेर आलं. त्या पोरीचा त्यात विचारच केला नाही मी. तूही केला नाहीस.

तू मला विचारलंस. सोपानने तुला विचारलं. आरतीला कुणी विचारलं का?

"विसरंल" असं लिहिलंस. तू विसरलीस म्हणतेस, आणि पोरीला घेऊन माशांच्या जाळ्यावर खेळतेस.

मी तुला दोष देत नाही. माझं एवढं ऐक. लग्नं संपली, कार्यालय मोकळं आहे. आरतीला थोडे दिवस माझ्याकडे पाठव. मला तिचा खेळ बघू दे, तिच्याशी बोलू दे. मी तिला कसलंही आश्वासन देणार नाही. तिचं मन नसेल तर मीच तिला बसमध्ये बसवून देईन.

ताहेरा


जुन्नर
७ जुलै २०२४

भागू,

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस, पोरीलाच पाठवलंस. दारात उभी राहिली तेव्हा क्षणभर मला वाटलं, तूच आलीस. तशीच मान वाकडी करून बघते. हातात नाचणीच्या पिठाची पिशवी होती. "आईनं दिलंय," म्हणाली.

कार्यालयात पहिलं काम झाडू मारायचं. कोपऱ्यांतून अक्षता राहतात, पाय घसरतो. तिने न सांगता झाडू घेतला. मग तिला एकटीला सार्थकशी खेळवलं. माझ्या क्लासमधला मोठा मुलगा, जिल्ह्यात खेळून आलेला. हरली, आणि नीट हरली. उंच मारता येत नाही तिला. वाऱ्यात शिकली ना, फूल वर गेलं की करवंदीत जाणार, म्हणून सगळं सपाट मारते. एकेरीत तेवढ्याने भागत नाही. मी मनात म्हटलं, चला, प्रश्न मिटला.

तिसऱ्या दिवशी क्लासमधलाच अरहम आणि सार्थक एका बाजूला, आरती एकटी दुसऱ्या बाजूला. जोडीला कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "मी उभी राहते जाळीपाशी. वरचं मला जमणार नाही. वरचं सगळं तुझं."

ती म्हणाली, "ठीक हाय."

भागू, मी कधीपासून कोर्टवर उतरले नव्हते. हात कमरेच्या वर नेत नव्हते, नुसतं मनगट. पहिलं फूल माझ्या डोक्यावरून गेलं आणि मागून आवाज आला. तो सपाट, कोरडा आवाज. समोर सार्थकच्या पायाशी फूल पडलं. मी वळून बघितलं नाही. पुढे बराच वेळ खेळलो. जिंकलो की हरलो, कुणी मोजलं नाही. मला धाप लागली आणि मी खाली बसले, तिथेच, पट्टीवर.

ती शेजारी येऊन बसली. पाणी दिलं. मग म्हणाली, "मावशी, तुमचं पत्र मी वाचलंय. आईनं पिठाच्या डब्यामागं ठेवलं व्हतं."

मी पाण्याची बाटली खाली ठेवली.

"तुमी लई दमलात ना खेळून?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"आई बी दमती," ती म्हणाली. "आवनीत कंबर धरून बसती. हिरडा वेचून दमती. बाबा जाळं ओढून दमतात. वाडीत न दमलेलं कोन हाय? मला बी दमायचंच हाय मावशी. मंग कशानं दमायचं ते तरी मला ठरवू द्या."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, तो तिथवर पोचेना. तिने मान खाली केली.

दुसऱ्या दिवशी मी अकादमीत फोन केला. माझं नाव सांगितलं, ओळख काढली. त्यांनी ऐकून घेतलं. जागा भरली आहे. सांगलीकडची एक मुलगी घेतली. आता पुढच्या वर्षी मे महिन्यात चाचणी होईल, तेव्हा आणा म्हणाले. आरतीला हे सांगितलं. तिने विचारलं, "मे म्हंजे आवनीच्या आधी ना?" आणि झाडू मारायला उठली.

आता माझं सांगते. ऑगस्टपासून क्लास बंद करायचं मी कार्यालयवाल्यांना कळवून ठेवलं होतं. तुला लिहिलं नव्हतं. त्यांना तिथे गाळे काढायचे आहेत, आणि मलाही आता नको झालं आहे. त्यांना म्हटलं, मेपर्यंत थांबा. ते हो म्हणाले. आरती माझ्याकडे राहील, इथल्या शाळेत जाईल, सकाळ-संध्याकाळ खेळेल. एवढं एक वर्ष माझ्याने होईल असं वाटतं. त्यापुढचं नाही.

पण हे तू हो म्हटलंस तरच. नाही म्हणायचं असेल तर तिला म्हण, तोंडावर. माझ्या पत्राआड उभी राहू नकोस.

ताहेरा


करंजवाडी
२३ जुलै २०२४

ताहेरा,

आवनी चाललीय. चिखलाचे हात धुऊन लिहितेय, चार ओळी. पायाची बोटं पान्यानं कुजल्यात, रात्री तेल लावते.

तू पत्राआड म्हनलीस ते मला लागलं. लागलं म्हंजे खरं हाय. तुझं पत्र वाचून मी नको म्हनलेच न्हाई. पत्र यायच्या आधीच माझं ठरलं व्हतं. थोरल्या दोघी नांदायला गेल्या, सोपान दिवसभर पान्यावर. ही गेली तर चुलीपुढं मी एकटी. ते कसं सांगनार कुनाला? तुझं पत्र आलं, मला बरं झालं. बघ, ताहेरानं बी असं लिहिलंय, म्हनून सांगता आलं.

परवा सोपानला म्हनले, पोरगी घरात नसली की भाकऱ्या उरतात. तो म्हनला, "मंग कमी थाप." असा हाय तो. मंग स्वतःच उठून बाहेर गेला आन बराच वेळ आला न्हाई.

पोरीला ठेव. तिला फोन करून तोंडावर सांगितलंय, धरनाच्या भिंतीवर जाऊन. म्हनले, राहा. ती म्हनली, "तू रडतेस का?" मी म्हनले वारा हाय.

एक सांगते. तिला उंच मारायला शिकवायचं तर तुझा हात वर जात न्हाई. भात कापून झालं की मी येत जाईन. बसचं काय, आली तर आली, न्हाई तर डिंभ्यापर्यंत चालत. मला अजून मारता येतं का ठाऊक न्हाई. बघू.

भागू


करंजवाडी
२ डिसेंबर २०२४

ताहेरा,

पोचले. बस घोडेगावपर्यंतच मिळाली, पुढं मासळीच्या टेम्पोतनं आले. अंगाला अजून वास येतोय.

समदं अंग ठनकतंय. पाठ, पोटऱ्या, मान. सोपान हसतो. म्हनतो, "आवनीनं वाकली न्हाईस ती फुलानं वाकलीस." माझी पैली दहा-बारा फुलं जाळीतच गेली तवा तू काय बोलली न्हाईस, ते बरं केलंस. मंग एक गेलं वरून, पार मागच्या पट्टीवर. आरतीनं बघितलं माझ्याकडं. तिनं मला खेळताना असं हॉलमधी कधी बघितलंच नव्हतं.

तू खुर्चीवर बसून "भागू, खांदा सैल" म्हनून वरडलीस. अगदी बहिरू सरांसारखी. पन तुझा चेहरा मला आवडला न्हाई. लई ओढलेली दिसतेस. दुपारची पडत जा. पोरीला सांगितलंय, मावशीला दुपारी उठवायचं न्हाई.

पंधरा दिवसांनी येते.

भागू


जुन्नर
१८ जून २०२५

भागू,

आरतीला काल अकादमीत पोचवून आले. तू येणार नाही म्हणालीस, "मी आले तर तिला परत घेऊन येईन," ते बरोबरच होतं. मलाही दारातून निघवेना.

चाचणीचा निकाल मी तुला फोनवर तुटक सांगितला होता, आता नीट सांगते. एकेरीचे दोन्ही सामने ती हरली. निवड करणारे कागद आवरायला लागले होते. मी उठून त्यांच्याकडे गेले. माईकवरचं काहीएक बोलले नाही. म्हटलं, "तिला कुणाच्या तरी मागे उभी करा आणि एक गेम बघा." त्यांतल्या एकाने मला ओळखलं, एकाने नाही. शेवटी सांगलीकडच्या त्याच मुलीबरोबर तिला उतरवलं, गेल्या वर्षी जिची निवड झाली होती तिच्याबरोबर. ती मुलगी जाळीपाशी चपळ आहे, पण सारखी वळून मागे बघायची. आरती तिला दर वेळी म्हणायची, "पुढं बघ. हाय मी." अर्ध्या गेमनंतर ती वळायची थांबली. त्यांनी घेतलं. दुहेरीसाठी, आणि तेही आधी सहा महिने बघू म्हणून. नाही जमलं तर परत पाठवतील. हे तिला मी स्पष्ट सांगितलं आहे. जमेल की नाही, मला माहीत नाही. मला माहीत असतं तर मी तेव्हाच तुला नीट उत्तर दिलं नसतं का?

काल खोली दाखवली. तीन मुलींची खोली आहे, खिडकी पश्चिमेला. तिने पेटी कॉटखाली सरकवली आणि मला म्हणाली, "मावशी, तुमी जा आता. बस चुकंल." रडली नाही. फाटकापर्यंत आली. मी तिला सांगायचं बरंच ठरवून गेले होते. खांद्याचं, इंजेक्शनचं, घरी फोन करण्याचं. प्रत्यक्षात एवढंच म्हटलं, "दुखलं की सांग. लपवू नकोस." ती म्हणाली, "सांगीन. आन तुमी बी सांगत जा."

येताना बसमध्ये खिडकीशी बसले आणि डोळा लागला. राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं, कळंब गेलं, मला पत्ता नाही. नारायणगावला कंडक्टरने हाक मारून उठवलं, "मॅडम, जुन्नरच्या गाडीला उतरा." तोंड उघडं टाकून झोपले होते म्हणे. दिवसाउजेडी, इतक्या माणसांत, अशी झोप मला कधी लागली ते आठवत नाही.

आज सकाळी कार्यालयातल्या पट्ट्या काढल्या. अरहम आणि सार्थकने मदत केली. त्यांची सोय मंचरच्या हॉलमध्ये करून दिली आहे. गवंडी आले होते, टेप घेऊन मोजत होते. मला वाईट वाटेल असं नवाबला वाटत होतं, म्हणून तो दुकान बंद करून सोबत आला. वाईट वाटलं नाही. चावी दिली, रिक्षाने घरी आले, महेकने वरण-भात वाढला, खाल्ला.

आता मी थांबले आहे, भागू. क्लास नाही, शाल-नारळ नाही. कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं असं महेकला सांगून ठेवलंय.

तू गेल्या वर्षी ये म्हणाली होतीस. येते. येत्या सोमवारी घोडेगावपर्यंत नवाब सोडेल, पुढे बस मिळेल ती. औषधं बरोबर आणते. सोपानरावांना सांग, माझ्यासाठी मुद्दाम मासे-बिसे काही धरू नका, जे असेल ते खाईन. आवणीला माझा काही उपयोग व्हायचा नाही, ते आधीच सांगते. तुम्ही शेतात जा. मी घरी बसेन, भात शिजवीन, भाकऱ्या उरल्या तर त्याही खाईन.

आणि आले की काही दिवस मला काही विचारू नकोस. नुसती बसू दे.

तुझी
ताहेरा